प्रभावळीपुरतं सोनं

गेल्या ऑगस्टात संत रोक्कोची पालखी पुलाच्या उतारावर कलंडली आणि संताच्या डोक्यामागची सोनेरी प्रभावळ टणकन उडून एल्वो नदीत पडली. त्या दिवसापासून ओरेस्ते बोज्जोचा विषय गावात त्याच्या पाठीमागे कुणी सरळ नावाने काढला नाही. त्याचं नाव 'बुडव्या' पडलं. पालखीचा पुढचा डावा दांडा त्याच्या खांद्यावर होता, एवढं कारण गावाला पुरलं.

ओरेस्ते सांगून सांगून थकला. "अरे, पाय नाही घसरला माझा! दांडा घसरला, दांडा!"

यावर गास्पारे शांतपणे म्हणायचा, "हो ना. आणि नदीच आपणहून पुलावर आली, प्रभावळ उचलून घेऊन गेली."

हा गास्पारे म्हणजे ओरेस्तेचा शेजारी. त्याने आयुष्यभर एकाच रस्त्यावर एकच बस चालवली आणि निवृत्त झाला. त्यामुळे चढ कसा चढावा, उतार कसा उतरावा हे या पृथ्वीतलावर आपल्यालाच कळतं अशी त्याची ठाम समजूत होती. दुर्दैवाने तीच समजूत फादर सिल्वानोंचीही झाली. संत रोक्को मंडळाच्या बैठकीत त्यांनी पुढचा डावा कोपरा गास्पारेला देऊन टाकला. तो कोपरा ओरेस्तेच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. माणसाचं शेत गेलं तर तो भांडतो, घर गेलं तर कोर्टात जातो. पालखीचा कोपरा गेला तर कुठे जायचं याची सोय कोणत्याच सरकारने केलेली नाही.

म्हणून ओरेस्ते बारमध्ये गेला. तिथे लाल वाइनचा पेला पुढ्यात असताना, अर्ध्या गावासमोर त्याने टेबलावर मूठ आपटली. "नदीने माझ्याकडून नेलं ते मी नदीकडूनच वसूल करीन! एल्वोच्या वाळूतलं सोनं धुऊन काढीन, आणि त्या सोन्याने मढवलेली नवी प्रभावळ संताला चढवीन!"

फादर सिल्वानोही तिथेच होते. (ते बारमध्ये फक्त कॉफी पितात, असं गाव आजवर मानत आलं आहे.) ते म्हणाले, "ओरेस्ते, सोन्याने मढवलेली प्रभावळ आणलीस तर तुझा कोपरा तुला परत. माझा शब्द."

ओरेस्ते घरी पोचायच्या आत ही बातमी त्याच्या घरी पोचली होती.

"सोनं काढणार म्हणे!" त्याची बायको इर्मा स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "घरातला चष्मा सापडत नाही तुला. सकाळी माझ्याच डोक्यावर होता, तिथेही दिसला नाही."

हे मात्र ओरेस्तेला लागलं. बिएल्लाच्या लोकरीच्या गिरणीत त्याने जन्मभर कापड तपासलं होतं. हजार धाग्यांत एक धागा चुकला तर तो खिडकीपलीकडून दाखवायचा. त्याच्या डोळ्यांपुढून खोट निसटली असं गिरणीत कधी झालं नाही. वाळूतला पिवळा कण त्याला दिसणार नाही, हे बोलायची हिंमत बायकोशिवाय कोण करणार?

इर्माची आई, म्हणजे ओरेस्तेच्या सासूबाई देल्फिना, चुलीशेजारच्या खुर्चीतून म्हणाल्या, "भिंतीवरची परात घेऊन जा. माझ्या बापाची आहे. तो धुवायचा सोनं."

"मिळायचं का, आई?" ओरेस्तेने विचारलं.

"सर्दी मिळायची," सासूबाई म्हणाल्या.

परात चांगली अक्रोडाच्या लाकडाची, एका अखंड फळीतून कोरलेली, काळी कुळकुळीत. गेली कित्येक वर्षं तिच्यावर फक्त पोलेंटा ओतला जात होता. मक्याच्या पिठाचा तो पिवळा डोंगर त्या परातीत वाफाळत बसायचा आणि घरचे सगळे चहूबाजूंनी तो पोखरायचे. त्या परातीवर इर्माचा जीव होता. तसा तिचा जीव प्रत्येकच लाकडावर होता. लाकूड कोरडं दिसलं की तिला चैन पडत नसे. लगेच अक्रोडाच्या तेलाचा बोळा घेऊन ती चोळायला बसायची. खुर्च्या, दारं, पोळपाट, सगळं चकचकीत. सासूबाईंच्या काठीलाही ती इतकं तेल लावायची, की सासूबाई दाराकडे निघत आणि काठी आधीच पोचलेली असे.

"लाकूड आहे ते," इर्मा म्हणायची. "त्यालाही तहान लागते."

दुसऱ्याच दिवशी ओरेस्ते परवान्यासाठी कचेरीत गेला. नदीतली वाळू हौसेने धुवायलाही कागद लागतो, ही माहिती गास्पारेने मोठ्या आनंदाने पुरवली होती. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "कारण काय? खेळ, पर्यटन की अभ्यास?"

"संत रोक्को," ओरेस्ते म्हणाला.

"तो पर्याय नाही."

"मग खेळ लिहा."

"खेळ लिहायचा तर तुम्ही खेळाडू असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा."

"बाई, मी खाली बसून वाळू हलवणार. मॅरेथॉन धावणार नाही."

"मग पर्यटन लिहू?"

"मी इथे जन्मलो, बाई! माझं घर नदीवर आहे! मी घरातून निघून नदीवर पर्यटनाला जाऊ?"

बाईंनी त्याच्याकडे दयेने पाहिलं आणि 'अभ्यास' लिहिलं. मग विचारलं की सापडलेल्या सोन्याचं काय करणार. प्रभावळ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मूर्ती जुनी आहे, जुन्या मूर्तीला काहीही नवं जोडायचं तर त्याची कचेरी वेगळी, ती दुसऱ्या शहरात, आणि तिथल्या साहेबांची सध्या सुट्टी. ओरेस्तेने फक्त नदीपुरता कागद घेतला. संताच्या डोक्याचं पुढे बघू म्हणाला. त्या कागदावर तो पंचावन्न वर्षांनी पुन्हा 'विद्यार्थी' झाला होता, आणि ही गोष्ट गावात कशी पसरली हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलं त्याला विचारायला लागली, "आजोबा, गृहपाठ झाला?"

जूनच्या सुरुवातीला तो पाण्यात उतरला. एल्वोचं पाणी डोंगरावरून येतं आणि ऑगस्टापर्यंत आपण बर्फ होतो हे विसरत नाही. ओरेस्तेने मोठ्या दगडामागची वाळू फावड्याने परातीत घेतली, परात पाण्यात बुडवली, गोल फिरवली, कडेवरून हलकी वाळू सोडून दिली. काम दिसायला सोपं. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी राहतं, आणि सोन्याइतकं जड वाळूत दुसरं काही नाही. शेवटी तळाशी काळ्या वाळूची शेपटी उरते आणि त्या शेपटीच्या टोकाला पिवळे कण चमकतात. ओरेस्तेच्या परातीत शेपटी छान उरत होती. टोकाला काहीही चमकत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात त्याने धीर धरला. पुढच्या आठवड्यात सल्ले सुरू झाले.

गाव सल्ला देण्याच्या बाबतीत उदार आहे. औषधवाला म्हणाला, सोनं वळणाच्या आतल्या बाजूला बसतं. बेकरीवाली म्हणाली, बाहेरच्या. गास्पारे रोज संध्याकाळी काठावर घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून गाडी मागे घ्यायला सांगावं तसा हात हलवायचा. "डावीकडे घे! अजून! थोडं मागे! आता हळू हळू... अरे, तुझा हात कापतोय, ओरेस्ते. खांदा गेला का तुझा? म्हणूनच बरं झालं मंडळाने..."

"गास्पारे, घरी जा."

"जातो की. सोनं बघून जातो."

सासूबाईंनी घरबसल्या तोडगा सुचवला. त्यांच्या बापाच्या काळी म्हणे प्रवाहात मेंढीचं कातडं अंथरायचे. लोकरीत सोन्याचे कण अडकायचे, मग ते झटकायचं. ओरेस्तेला हे पटलं. लोकर हा त्याचा प्रांत होता. गिरणीतल्या जुन्या ओळखीने त्याने एक अख्खं कातडं मिळवलं, पांढरंशुभ्र, जाड. दोन दगडांमध्ये ताणून बांधलं आणि रात्रभर सोडून दिलं. रात्री डोंगरात पाऊस झाला. सकाळी दगड होते, दोरी होती, कातडं नव्हतं.

खालच्या गावातल्या एका माणसाने पुलाखाली अडकलेली मेलेली मेंढी पाहिली आणि पोलिसांना कळवलं. पोलिसांनी जनावरांच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं की साथीचा रोग असू शकतो. दुपारपर्यंत नदीचं पाणी गुरांना पाजू नये अशी सूचना लागली. संध्याकाळी डॉक्टर धीर करून जवळ गेले तेव्हा मेंढीला आत मेंढी नाही हे लक्षात आलं. कातड्याच्या कोपऱ्यावर गिरणीचा शिक्का होता, आणि गिरणीने ओरेस्तेचं नाव सांगायला वेळ लावला नाही.

पोलीस घरी आले तेव्हा ओरेस्ते पायजम्यात होता. "तुम्हीच ते विद्यार्थी?" पोलिसाने कागद वाचून विचारलं.

त्याला दंड झाला नाही, पण नुसती समज देऊन सोडणं हे दंडापेक्षा वाईट असतं. दंड झालेल्या माणसाबद्दल लोकांना निदान सहानुभूती वाटते.

त्या रात्री तो टेबलाशी बसून इर्माला म्हणाला, "मी मूर्ख दिसतोय ना?"

"दिसतोस," इर्मा म्हणाली. मग त्याच्या ताटात चीजचा मोठा तुकडा ठेवून म्हणाली, "पण काम अर्धवट टाकणारा दिसत नाहीस. परात दे इकडे, धुऊन ठेवते." रोज ती परात स्वतः धुवायची, पुसायची, उद्यासाठी दाराशी उभी करून ठेवायची. या सगळ्या खटाटोपात एवढी एकच गोष्ट सुरळीत चालली होती, म्हणून ओरेस्तेला तेवढाच आधार वाटायचा.

जुलै संपत आला. गिरणीतल्या जुन्या मित्राने तांब्यापितळेची प्रभावळ ठोकून दिली होती, किरणांसकट. ती स्वयंपाकघरातल्या कपाटावर सोन्याची वाट पाहत बसली होती. सोन्याचा वर्ख किती पातळ ठोकता येतो, आणि अंगठीभर सोन्यात केवढी प्रभावळ झाकता येते, हे सोनाराने त्याला समजावलं होतं. पण अंगठीभर तर सोडाच, ओरेस्तेकडे डोळ्यात गेलं तर खुपेल एवढंही सोनं नव्हतं. आता त्याला नदीचा राग यायला लागला. रात्री अंथरुणात पडल्यावरही त्याचे हात गोल फिरायचे आणि इर्मा पांघरूण सांभाळत बसायची.

तेवढ्यात हौशी सोनेधुव्यांची वार्षिक स्पर्धा आली. या स्पर्धेत नदीचा काही भरवसा ठेवत नाहीत. प्रत्येकाला वाळूची एक बादली मिळते, बादलीत आयोजकांनी सगळ्यांना सारखेच सोन्याचे कण लपवलेले असतात, आणि पाण्याच्या लांब हौदाशी उभं राहून ते शोधून काढायचे. ओरेस्ते नाव नोंदवायला तयारच झाला. निदान कणभर सोनं आपल्या परातीत एकदा तरी पाहू, म्हणजे हाताला चव लागेल, असा त्याचा हिशेब होता. गास्पारे अर्थातच बघायला आला. येताना तो बारमधल्या चौघांना घेऊन आला.

शिट्टी वाजली. ओरेस्तेने वाळू ओतली, परात फिरवली, कापड तपासावं तशी नजर तळावर ठेवली. त्याचा हात आता चांगला बसला होता. शेजारचा जर्मन दंतवैद्य अजून खडे वेचत होता, तेव्हा ओरेस्तेची परात काळ्या वाळूवर आलीही होती. आणि तळाशी काही नव्हतं.

पंचांनी परात पाहिली. कण ठेवायची कुपी पाहिली. पुन्हा परात पाहिली. "महाशय, बादलीत सोनं होतं. आम्हीच टाकलंय. ते तुम्ही काय केलंत?"

"मला काय विचारता? नीट टाकलं होतंत का?"

"आजवर शून्य कण कुणी आणले नाहीत," पंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज जवळजवळ आदराने भरून आला. मागे गास्पारेने टाळ्या वाजवल्या.

ओरेस्तेने मान खाली घातली आणि त्यामुळेच त्याला ते दिसलं. हौदाच्या पाण्यावर, त्याच्या परातीसमोर, इंद्रधनुष्यासारखा पातळ तवंग पसरला होता. आणि त्या तवंगावर, ऐटीत, छोट्या होड्या सोडाव्यात तसे पिवळे कण तरंगत दंतवैद्याच्या दिशेने चालले होते.

"तरंगतंय!" तो ओरडला. "सोनं तरंगतंय!"

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. ओरेस्तेने कुणाकडे पाहिलं नाही. परात उचलून नाकाशी नेली. अक्रोडाचं तेल.

घरी जाताना त्याच्या मनात पूर्ण भाषण तयार होतं. ते त्याने दारातूनच सुरू केलं. जूनपासून दोन महिने, कमरेपर्यंत बर्फात, पोलीस, पायजमा, विद्यार्थी, आणि रोज रात्री घरात त्याच्याच परातीला तेल! बारीक चपटं सोनं तेलकट लाकडाला धरतच नाही, पाण्यावर तरंगून निघून जातं! सगळं सोनं गेलं खालच्या गावाला! त्याने आवाज इतका चढवला की सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

इर्मा ओट्याशी गेली, बोळा उचलला, तेलाची बाटली उचलली, दोन्ही कपाटात ठेवली. मग पाठमोरीच म्हणाली, "पाण्याने लाकूड तडकतं रे. मला वाटलं, तू एवढा राबतोयस, परात तडकली तर तुझं सगळं गेलं. म्हणून रोज लावत होते. तुला झोप लागली की उठून लावत होते."

आणि ती रडली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने भांडी आपटली होती, माहेरी जायच्या धमक्या दिल्या होत्या, पण स्वयंपाकघरात उभी राहून अशी कधी रडली नव्हती. ओरेस्तेचं उरलेलं भाषण तिथेच राहिलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की काय करावं सुचेना, म्हणून त्याने जाऊन स्वतःच्या हाताने कॉफी केली. कॉफी वाईट झाली. दोघांनी प्यायली.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये त्याने सांगितलं की परातीला चीर गेली होती. 'तरंगतं सोनं' हे त्याचं दुसरं नाव पडलं ते त्याने निमूट घेतलं.

परात राखेने घासली, साबणाने घासली, उन्हात भाजली. इर्माला ते बघवेना, ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. आणि मग सोनं आलं! काळ्या शेपटीच्या टोकाला खरोखरीचा पिवळा कण बसलेला पाहून ओरेस्तेने नदीतच टोपी काढली. पण उत्सवाला आता फार दिवस राहिले नव्हते. तो पहाटे जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. जमलेलं सोनं कुपीच्या तळाशी पसरलं की दिसायचं, आणि कुपी हलवली की आहे की नाही अशी शंका यायची.

सोनाराने भिंगातून पाहिलं. "प्रभावळीचा एक किरण होईल."

"फक्त एक?"

"तोही बारका. नाहीतर दुसरं काहीतरी छोटं मढवा."

संत रोक्कोच्या पायाशी त्याचा कुत्रा असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहेच. संत आजारी पडून रानात एकटा होता तेव्हा कुत्र्याने त्याला तोंडात धरून पाव आणून दिला. गावच्या मूर्तीतल्या कुत्र्याच्या तोंडातही तसा मुठीएवढा लाकडी पाव आहे. ओरेस्तेच्या सोन्यात तो पाव तेवढा मढला. प्रभावळीला पिवळा रंग दिला.

फादर सिल्वानोंनी पावाकडे पाहिलं, प्रभावळीकडे पाहिलं आणि उसासा सोडला. "ओरेस्ते, माझा शब्द प्रभावळीचा होता. पाव म्हणजे प्रभावळ नव्हे."

"फादर, सोनं तर एल्वोचंच आहे."

"आहे. म्हणून तू कुत्र्याशेजारून मेणबत्ती घेऊन चाल. कोपरा गास्पारेचा."

उत्सवाच्या दिवशी ओरेस्तेने कोट घातला. हा कोट निवृत्तीच्या वेळी गिरणीने दिलेल्या कापडाचा होता. त्याच्या नजरेखालून गेलेलं शेवटचं कापड, उन्हाळ्यात घालायची पातळ लोकर, एक धागा चुकलेला नाही. लग्नकार्य आणि संत रोक्को, याखेरीज तो कपाटातून निघत नसे. इर्मा तो स्वतः घासूनपुसून द्यायची. आज ती बायकांच्या रांगेत नवा रुमाल डोक्याला बांधून उभी होती. सकाळपासून ती इतर बायकांबरोबर चर्च झाडून, पितळ उजळून दमली होती, पण चेहरा खुशीत होता.

पालखी उचलायची वेळ झाली. गास्पारेने पुढच्या डाव्या दांड्याखाली खांदा घातला आणि ओरेस्तेकडे बघून डोळा मारला. ओरेस्ते मेणबत्ती घेऊन शेजारी उभा राहिला, आणि त्याच्या नाकात वास आला.

अक्रोडाचं तेल.

त्याने दांड्याकडे पाहिलं. बाकीचे तीन दांडे मळकट, कोरडे. पुढचा डावा आरशासारखा चकाकत होता. ओरेस्तेने हळूच मान वळवून इर्माकडे पाहिलं. ती रांगेतून पुढे झुकली आणि कुजबुजली, "छान दिसतोय ना? यंदा तू नसलास तरी दांडा आपल्या घरचा आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर कोरडा कशी जाऊ देईन? गेल्या वर्षी लावलं तसंच लावलं. यंदा जरा जास्तच."

गेल्या वर्षी लावलं तसंच.

ओरेस्तेच्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं. पाय घसरला नव्हता. दांडा घसरला होता! तो वर्षभर खरं बोलत होता! बुडव्या, विद्यार्थी, तरंगतं सोनं, सगळं या एका बोळ्यातून आलं होतं. आता फक्त तोंड उघडायचं. फादर समोर आहेत, गाव समोर आहे, पुरावा चकाकतो आहे. एका वाक्यात नाव परत, कोपरा परत. त्याने तोंड उघडलंही.

इर्मा अजून त्याच्याकडेच बघत होती, शाबासकीची वाट पाहत. आणि ओरेस्तेला आठवलं की या गावात एक वर्ष किती लांब असतं. उद्यापासून बारमध्ये तिचं नाव काय पडेल, बेकरीत काय हसतील, गास्पारे तिला पाहून काय म्हणेल. तिला तो बोळा पुन्हा कपाटात ठेवताना त्याला बघायचं नव्हतं.

"छान दिसतोय," तो म्हणाला.

मग तो गास्पारेकडे वळला. "गास्पारे, ऐक. पुलापुरती अदलाबदल कर. मेणबत्ती तू घे."

"आता? कुत्र्याचा पाव चावून झाला वाटतं!"

"मी गंभीरपणे सांगतोय."

"मीही. वर्षभर थांब, लेका, मग पुन्हा विचार."

बँड वाजायला लागला. पालखी निघाली. ओरेस्ते मेणबत्ती वाकडी धरून, मेण स्वतःच्या बुटावर सांडत, दांड्यावरची नजर न काढता चालला. पुलाच्या चढावर दांडा थोडा मागे सरकला. माथ्यावर थांबला. आणि उतार लागला तसा गास्पारेचा चेहरा बदलला.

"ओरेस्ते," तो दातांतून म्हणाला, "अरे, हे काय होतंय? दांडा घसरतोय!"

ओरेस्तेने हे वाक्य कानात नीट साठवून घेतलं. आयुष्यात इतकं गोड वाक्य त्याने ऐकलं नव्हतं, आणि ऐकणारा तो एकटाच होता.

"दांडा कसा घसरेल, गास्पारे? पाय सांभाळ," तो म्हणाला. मेणबत्ती फेकून त्याने कोट काढला, एका झटक्यात दांड्याभोवती गुंडाळला आणि लोकरीवरून खांदा घातला. लोकरीने तेल प्यायलं, दांडा धरला. संत रोक्को थोडा डुलला, प्रभावळ थरथरली, कुत्र्याच्या तोंडातला पाव उन्हात लखकन चमकला. पालखी पूल उतरली.

गावाने पाहिलं ते एवढंच, की ओरेस्तेला शेवटी राहवलं नाही आणि त्याने भर मिरवणुकीत गास्पारेच्या खांद्यावर कोट टाकून जागा बळकावली. औषधवाला म्हणाला, हावरट. बेकरीवाली म्हणाली, पोरकट. गास्पारे मात्र संध्याकाळी फादर सिल्वानोंना जाऊन भेटला आणि म्हणाला की गुडघा दुखतो, पुढच्या वर्षापासून डावा कोपरा ज्याचा त्याला देऊन टाका. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही. दांडा घसरला असं सांगायची सोय त्याने स्वतःच वर्षभरात ठेवली नव्हती.

रात्री इर्माने कोट दिव्यापुढे धरला. पाठीवर हातभर रुंदीचा काळपट पट्टा पसरला होता.

"तेल! हे तर तेलाचे डाग! अरे, एवढं भारी कापड, आता जन्मात निघायचे नाहीत. तुला काही म्हणून जपता येत नाही. कुठे जाऊन घासलास?"

ओरेस्ते पोलेंटा खात होता. परात पुन्हा टेबलावर आली होती आणि पुन्हा काळी कुळकुळीत झाली होती.

"गर्दी होती," तो म्हणाला. "इर्मा, पुढच्या वर्षी पालखीची साफसफाई मी करीन म्हणतो. तू दमतेस."

"तू?" इर्माने कोट खाली ठेवला आणि त्याच्याकडे शंकेने पाहिलं. "दांड्याला तेल लावायचं लक्षात राहील तुझ्या?"

"ते कसं विसरेन," ओरेस्ते म्हणाला, आणि त्याने तिच्या बाजूचा पोलेंटा तिच्याकडे सरकवला.